मेरिदाचे प्रेक्षक

जानेवारीत ग्वादियाना नदीवरून धुकं चढतं आणि आमचं मेरिदा दुपारपर्यंत दिसेनासं होतं. त्या दिवसांत रोमन नाट्यगृहाकडे कुत्रंही फिरकत नाही. मी तिथली पहारेकरीण, ओलाया. माझी आई इथं झाडलोट करायची. अख्ख्या स्पेनमध्ये याच्या तोडीचं दुसरं नाट्यगृह नाही, हे मी परक्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगून टाकते.

त्या सकाळी तिकीट खिडकीवरून क्रिस्पुलो ओरडला, "ओलाया, एक वेडी आलीय बघ! धुकं बघायला तिकीट काढलंय तिनं."

मुलगी आली ती पाठीवर स्वतःएवढी सॅक घेऊन. बुटांवर वाळलेला चिखल. नाव इदोया, गाव बिलबाओ. यात्रेकरूंच्या जुन्या वाटेनं सेविलेहून एकटीच चालत निघाली होती. तिनं रंगमंचामागच्या खांबांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पडकंच आहे की सगळं."

"पडकं तुझं बिलबाओ!" मी म्हणाले. "इथं आजही दर उन्हाळ्यात नाटकं होतात. जागा मिळत नाही बसायला."

"नाटकाचं नाव नका काढू, बाई."

ते तिनं असं काही म्हटलं, की मी थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे केली. दोन्ही हातांत पेला धरून ती हळूहळू बोलायला लागली. ती नटी होती. पहिलीच मोठी भूमिका, राणीची. आपला मुलगा ज्यांनी मारला त्या सरदारांना राणी दरबारात जाब विचारते, त्या भाषणाच्या मध्यावर तिची वाचा बसली. शब्दच येईना. मग काळोखात कुणीतरी हसलं, आणि त्याच्यामागून सगळं थिएटर. दुसऱ्या दिवशी तिनं सॅक भरली.

"हसले?" माझं डोकंच फिरलं. "राणीला हसले? अगं, तुला माणसं धड मिळाली नाहीत. जा, चढ वर. आमच्या लोकांसमोर बोल."

"कुठायत तुमचे लोक?"

"तू बोल तर खरी. मेरिदाचे लोक ऐकायला कधी नाही म्हणत नाहीत."

ती फिस्सकन हसली. पण तिनं सॅक उतरवली.

मी पायऱ्या चढून अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. तिथं कुजबुजही ऐकू येते, ते तिला दाखवायचं होतं. खाली धुकं साचलं होतं. फक्त खांबांचे माथे दिसत होते. मग आवाज आला. आधी चाचरत, मग सरळ. एकेक शब्द माझ्या कानाशी येऊन उभा राहत होता.

मध्यावर ती थांबली.

मी वाट पाहिली. खाली काही हललं नाही. 

तेव्हा माझ्या खालच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

मग कापडांची सळसळ, उजवीकडून डावीकडे जाणारी. एक मूल कुरकुरलं आणि त्याला कुणीतरी 'श्श्' केलं. तापलेल्या माणसांचा, तेलाचा, लसणाचा वास आला. मी त्या जागी उभा जन्म दर उन्हाळ्यात बसत आले आहे. भरलेलं नाट्यगृह मला डोळे मिटूनही कळतं.

ते भरलेलं होतं.

हसलं कुणीच नाही. सगळ्यांनी मिळून श्वास धरून ठेवला होता, तिच्यासाठी.

इदोया पुढे बोलू लागली. ती अशी बोलली, की खांबांना कान फुटावेत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भीती वाटायला हवी होती. पण मला एवढंच वाटत होतं: बघ, पोरी, ही आमची माणसं!

भाषण संपलं. धुक्यात शेकडो माणसं एकदम उठावीत तसा आवाज झाला.

मी खाली पोचले तेव्हा ती मंचाच्या कडेवर बसली होती. चेहरा उजळलेला.

"एवढी माणसं कुठून गोळा केलीत, बाई? धुक्यात चेहरे दिसेनात नीट. पण सगळे उठून उभे राहिले!" मग रुसल्यासारखं हसून म्हणाली, "वरच्या रांगेतली एक बाई सोडून."

 मी म्हटलं, "जा, बिलबाओला जा. आणि पुन्हा कुणी हसलं तर सांग, मी मेरिदात राणी झाले आहे."

ती त्याच दुपारी उत्तरेची गाडी पकडायला निघाली. ताठ मानेनं, पाठीवरच्या ओझ्यासकट. फाटकाशी क्रिस्पुलोनं तिला विचारलं, "काय दिसलं का धुक्यात?" ती म्हणाली, "सगळं!"

मी परत आत गेले. धुकं अजून तसंच होतं, बोटं काकडत होती. पहिल्या रांगेतल्या दगडावर मी सहज हात टेकला.

दगड कोमट होता. अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.

शेजारचाही. मागच्या रांगेतलाही. मी चाचपत चाचपत वर चढत गेले, पार शेवटच्या रांगेपर्यंत.

गार होती ती एकच जागा. जिथं मी बसले होते, ती.