तीन, चार आणि लाल वायर

आमच्या कॅम्प चार भागातल्या रिपेअरिंगच्या दुकानात मी बाबांचा बिघडलेला माइक घेऊन गेले, तर काउंटर अडवून एक जण बसलेला. समोर बटणं, दिवे, वायरींचा गुंता... आणि त्यातून लंगडत येणारी टकटक.

माझे बाबा भीमजयंतीच्या कार्यक्रमांत गातात, ढोलकी मी वाजवते. लंगडा ठेका मला सहनच होत नाही. मी हटकलं, तर साहेबांनी – नाव यज्ञेश, राहणार बदलापूर – मोठ्या कौतुकाने सांगितलं की हा सिंथेसायझर त्याने स्वतः जोडलाय. एक आवाज तीन मात्रांचा, दुसरा चारचा. दोघं एकमेकांपासून भरकटू नयेत म्हणून ही लाल वायर दर चार मात्रांनी तीनवाल्याला ओढून पुन्हा पहिल्या मात्रेवर आणते.

"म्हणूनच लंगडतोय बिचारा," म्हणत मी वायर उपटली.

आवाज पांगले. त्याचा हात वायरीकडे झेपावला, मी तो धरला.

"थांब ना... भेटतील."

बारा मात्रा झाल्या आणि दोघं अलगद समेवर आले. हात सोडायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग बाबांचा माइक दुरुस्त व्हायला उगाचच बरेच शनिवार लागले, आणि दर शनिवारी तोही दुकानात असायचाच.

अंबरनाथच्या एका कार्यक्रमात त्याचं मशीन आणि माझी ढोलकी एकत्र वाजवायचं ठरलं. स्टेजवर चढताना तो हळूच म्हणाला की त्याला बंगळुरूला नोकरी लागलीये, वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत. मी अभिनंदन केलं आणि मला इतका राग आला की डोळेच भरून आले. त्याच्याकडे न बघता मी ढोलकीवर तीन धरले. त्याचे चार चालूच. मुद्दाम वर बघणार नव्हते, पण सम आली आणि मान आपोआप वर गेली. तो माझ्याकडेच बघत होता.

कार्यक्रम संपल्यावर त्याने लाल वायर माझ्या हातात ठेवली.

"तू ओढलंस तर मी नाही जाणार. भावना, मला तू... फार आवडतेस."

खरं सांगते, ओढावंसं वाटलं. पण मी वायर पर्समध्ये टाकली.

"मलाही तू आवडतोस. म्हणून तर नाही ओढणार. जा तू. फक्त समेला उशीर करू नकोस."

"सम कधी आहे?"

"जयंतीला. बाबा गाणार आहेत. येताना मशीन आण... आणि त्यांच्याशी बोलायची हिंमतपण."