लिंबाखालचा सपोर्ट

"ओ मॅडम, तिथून सरका! वर वेल्डिंग चालू हाय!"

राजेश्वरीनं मान वर केली. पाइपांच्या रॅकवरून एक उन्हानं रापलेला तरुण हेल्मेट सावरत खाली डोकावत होता. ती जागची हलली नाही.

"सरकते. आधी सांगा, हा खांब इथं कुणी उभा केला?"

"मी. बसवेश, साइट इंजिनियर." तो शिडीवरून उतरला. "का?"

"ड्रॉइंगमध्ये तो तिकडं आहे."

"तिकडं झाड हाय."

"ड्रॉइंगमध्ये झाड नाही."

"मग ती चूक झाडाची व्हय?"

तिला हसू आलं... पण तिनं ते दाबलं.

झाड म्हणजे जुना कडुलिंब. कामावरच्या बायकांनी त्याच्या फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधल्या होत्या. आत लेकरं झोपली होती आणि हरणाबाई नावाची म्हातारी एकेक झोळी हलवत होती.

राजेश्वरी मूळची सास्तूरची, नोकरीला पुण्यात. येरमाळ्याजवळच्या या साखर कारखान्याची वाफेची नवी लाइन तिनंच सॉफ्टवेअरमध्ये मांडली होती. तापला की पाइप लांबतो, आणि लांबायला त्याला जागा लागते. म्हणून प्रत्येक सपोर्टपाशी, म्हणजे आधाराच्या खांबापाशी, सांगावं लागतं – इथं पाइप नुसता टेकलाय, इथं बाजूला सरकायचा नाही, इथं पुढंही जायचा नाही. गाव भूकंपात पडल्यावर नव्यानं बांधलेल्या घरात, सगळं घट्ट पाहिजे म्हणणाऱ्या वडिलांजवळ ती वाढलेली. आयुष्यातल्या पहिल्या मॉडेलमध्ये तिनं सगळेच सपोर्ट जखडून टाकले होते, आणि पडद्यावर अख्खी लाइन लाल झाली होती, म्हणजे पाइपाला ताण सोसेना. तेव्हापासून ती पाइपाला सैल सोडायला शिकली होती. स्वतःला मात्र नाही.

लिंबाजवळचा खांब पाइपाला पुढं जाण्यापासून अडवणारा होता. बसवेशनं झाड चुकवून तो वळणापलीकडं नेला आणि ऑफिसला कळवायचं विसरला. राजेश्वरीनं तिथंच लॅपटॉप उघडून मॉडेलमध्ये जागा बदलली. सगळा जोर टर्बाइनच्या तोंडावर गेला. पडद्यावर लाल.

कारखान्याचे मॅनेजर अमरनाथ साहेब म्हणाले, "मग झाड पाडा आणि खांब ड्रॉइंगप्रमाणं घ्या. बॉयलर पेटवायचा मुहूर्त तोंडावर आलाय."

"मला उद्यापर्यंत वेळ द्या, साहेब." बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी दोघांकडं पाहिलं. "घ्या. पण वाफ सोडताना काही गडबड झाली, तर आधी झाड जाईल आणि मग तुम्ही दोघं."

मग दुपारभर ती लिंबाखाली बसून राहिली. बसवेश दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून यायचा. कधी पाणी, कधी खांबांची मापं.

"स्प्रिंग लावू या का?" त्यानं विचारलं.

"स्प्रिंग यायला दिवाळी उजाडेल."

"मग तुम्ही बी दिवाळीपर्यंत इथंच ऱ्हावा..."

तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. कान मात्र तापले.

हरणाबाई झोळी हलवता हलवता म्हणाली, "सायब, पाणी कितींदा आणताव? पोरीचं प्वाट का रांजण हाय?"

बसवेश लाजून रॅकवर चढला.

नंतर त्यानं डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि नळदुर्गला आईनं केलेली वांग्याची भाजी. अर्धी भाकरी त्यानं न विचारता तिच्यापुढं केली. सोबत जेवणारं माणूस आवडतं असलं की भाकरी संपू नये वाटतं. ती हळूहळू खात होती, आणि त्यालाही घाई नव्हती.

जेवता जेवताच तिला सुचलं. "वळणाच्या अलीकडच्या खांबावर पाइप अडवला तर?"

"अन् वळणापलीकडचा?"

"तिथं नुसता टेकू देऊ. अडवायचं नाही, धरायचं नाही. वळणाला हवं तसं हलू दे."

तिनं तसं मांडलं आणि गणित चालवलं. दोघंही वाकून पाहत राहिले... त्याचं हेल्मेट तिच्या कपाळाला लागलं. लाल गेलं, हिरवं आलं.

"झाड राहतंय?" त्यानं हळूच विचारलं.

"राहतंय."

बसवेशनं माणसं लावून दोन्ही सपोर्ट बदलून घेतले.

मुहूर्ताच्या दिवशी बॉयलरच्या पूजेला रीतीप्रमाणं जोडपं बसलं. यंदाचा मान बॉयलरवरचे जुने कामगार हरिबा आणि त्यांच्या पत्नी सिताबाई यांचा होता. अग्नी पेटला. पुढं लाइन तापवायची वेळ आली, तेव्हा राजेश्वरी आणि बसवेश वळणापलीकडच्या खांबाशी उभे होते.

"कुठवर सरकेल?" त्यानं विचारलं.

तिनं दोन बोटं दाखवली. त्यानं तिथं खडूनं रेघ ओढली.

पाइप किरकिरला. हलला नाही. राजेश्वरीला लिंबावरच्या झोळ्यांकडं बघवेना. तिचा हात कशाचा तरी आधार शोधत होता, आणि जे सापडलं ते बसवेशचं मनगट होतं. तिनं ते सोडलं नाही.

मग पाइप सरकला. सावकाश, बैल उठतो तसा. सरकत सरकत रेघेला टेकला आणि तिथंच थांबला.

"आला!" ती ओरडली. झोळीतलं एक लेकरू दचकून रडायला लागलं.

हरणाबाई करवादली, "हळू गं बाई! लेकरं निजल्याती."

बसवेशनं खिशातून कुंथलगिरीच्या पेढ्याचा पुडा काढला. पण तो पुढं करेना, नुसता हातात फिरवत राहिला.

"आज पुण्याला जाणार तुम्ही?"

"काम संपलं की माझं."

"हरिबाकाका म्हणत होते, पुढल्या साली गुडघे साथ देणार न्हायत. पूजेला दुसरं जोडपं बघा."

"मग बघा की."

"मी बघितलंय... फक्त अर्ध्या जोडप्याला अजून विचारलं न्हाय."

वाऱ्यानं लिंबाची पिवळी पानं दोघांच्या हेल्मेटवर पडत होती. राजेश्वरी खडूच्या रेघेकडं पाहत म्हणाली, "हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं."

"झाड तरी कुठं होतं?"

आता तिनं हसू दाबलं नाही. त्याच्या हातातल्या पुड्यातून एक पेढा उचलला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला त्याच्या तळहातावर ठेवला.

"रविवारी सास्तूरला या. बाबांना विचारा," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, ते सगळं घट्ट आहे का ते हलवून बघतात."

"बघू द्या की," बसवेश म्हणाला. "मी हलत न्हाय."