कोरड्या बोटीतलं पाणी

बोट विकायची नाहीये, हे आधीच सांगतो. एवढे फेरीबोटीत हेलकावे खात बेटावर आलात, म्हणून दारातनं परत पाठवत नाही. बसा, चहा घ्या. ती घरघर ऐकू येतेय ना, ती अंगणातल्या पंपांची. मध्येच बंद पडली तर मी एक शब्द न बोलता उठून पळेन, तेव्हा राग मानू नका.

मी पस्तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली. पंप, नळ, गळती, सगळा जन्म त्यातच गेला. निवृत्त झालो आणि ही एकोणीस फुटी बोट घेतली. हिचा मालक वारला होता, त्याची लेक ओसाकाला, तिला ती नकोशी झालेली. मला काही मासेमारीचा धंदा करायचा नव्हता. रविवारी सकाळी दोन तास गळ टाकून बसावं, चार मासे संध्याकाळी मीठ लावून भाजावेत, एवढीच हौस. अंगणात लाकडी ठोकळ्यांवर ती चढवली आणि कामाला लागलो.

तामाएला, म्हणजे माझ्या बायकोला, ती बोट डोळ्यांसमोर नको होती. तामाए नऊ वर्षांची असताना तिचे वडील समुद्रात माकूळ धरायला गेले ते आलेच नाहीत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण ही बाई कधी गुडघाभर पाण्यात उतरली नाही.

"तुमची हौस, तुम्हीच बुडा," म्हणाली. "मी त्या बोटीत पाय ठेवायची नाही. मेले तरी नाही."

"अगं, बुडायला आधी ती पाण्यात तर जाऊ दे! दीड-दोन वर्षं लागतील मला."

"चला, म्हणजे दोन वर्षं तरी सुखाची."

अशी आमची चेष्टा चालायची. मी सगळं स्वतः करत होतो. जुना रंग खरवडला, इंजिनामागचं कुजलेलं प्लायवूड काढून नवं बसवलं, सगळी वायरिंग बदलली. मिस्त्री बोलावणं म्हणजे मला कमीपणा वाटतो. हा माझा जुना रोग आहे, आणि त्यानंच माझा घात केला.

सप्टेंबरात डोलकाठीच्या बैठकीपाशी आलो. लाकूड हाताला भुसभुशीत लागत होतं. ते कापून काढताना आतली पोकळी उघडी पडली. त्या पोकळीत काय असतं ते आमच्या बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो बोटीचा जीव. कागदाच्या दोन बाहुल्या, बारा नाणी, दोन फासे, मूठभर धान्य आणि बाईचे केस. बोट बांधणारा सुतार ते एकट्यानं, कुणाच्या नजरेस न पडता आत ठेवतो, आणि काढायचं झालं तरी त्यानंच काढायचं. मालकानं त्याला हात लावायचा नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हिचा सुतार, जिनपाचीकाका, नव्वदीला टेकलेला, बंदरापलीकडच्या वृद्धाश्रमात पडून. त्याला उचलून आणायचं, त्याच्यापुढे मान तुकवायची... मी म्हटलं, कागद कापायला सुतार कशाला लागतो? जुन्या सगळ्याचा हात लावताच भुगा झाला. मी नव्या बाहुल्या कापल्या, फासे दुकानातून आणले, धान्य स्वयंपाकघरातून. राहिले केस.

तामाएला विचारलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तिच्या कंगव्यातले काढले, पांढरे-काळे, बोटाभोवती गुंडाळले आणि ठेवले आत. वर लाकडाचं झाकण, त्यावर काचकापडाचे तीन थर, रेझिन, रंग. इतकं सफाईदार काम झालं की सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना. त्या रात्री मी खुशीत एक पेला जास्त घेतला, हो, लाज वाटते सांगायला.

मग पंप बसवला. तळाशी पाणी साचलं की आतला खटका तरंगून वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. ऑक्टोबरची सुरुवात होती, आठ दिवस पावसाचा टिपूस नव्हता, बोटीवर ताडपत्री. दुपारी तीनच्या सुमारास मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. ऊन लख्ख पडलेलं. आणि पंप सुरू झाला.

मला वाटलं, खटका अडकला. बघतो तर बोटीच्या कुशीतल्या नळीतून पाण्याची धार अंगणात पडत होती. बोट समुद्रापासून दोनशे पावलांवर, चढावर, ठोकळ्यांवर! ताडपत्री फेकली, फळी उचलली. तळाशी चार बोटं पाणी. हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट. आणि थंड... भर उन्हात तापलेल्या बोटीत ते पाणी इतकं थंड होतं की बोट बधिर झालं.

ते उपसलं, तळ फडक्यानं पुसून कोरडा केला. तासाभरात पुन्हा चार बोटं. पस्तीस वर्षं गळती शोधण्यात गेलेला माणूस मी. गळती सापडायची तर पंप आधी बंद करावा लागतो. केला. विजेरी घेऊन तळाशी आडवा झालो. पाणी कुठूनही येत नव्हतं. ना भेगेतून, ना सांध्यातून. नुसतं वाढत होतं.

तेवढ्यात घरातून आवाज आला. खोकल्याचा नव्हे. भांडं पाण्यात बुडवताना येतो तसा, गुळगुळ...

धावत गेलो. तामाए चुलीपाशी गुडघ्यांवर होती, दोन्ही हात गळ्याशी. तोंडातून, नाकातून पाणी वाहत होतं. तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते कुठल्याही नवऱ्याच्या नशिबी येऊ नये. पाठीवर थापट्या मारल्या, उलटी पाडली, बोटं घशात घातली, काही केल्या पाणी थांबेना. खोलीभर समुद्राचा वास. का कोण जाणे, मी तिला तशीच टाकून अंगणात पळालो आणि पंपाचं बटण दाबलं.

परत आलो तेव्हा ती तोंड पुसत होती. "काय हो हे... काही तरी उलटं गेलं वाटतं," म्हणाली. "आमटीत मीठ फार झालं का?"

दुसऱ्या दिवशी मी पंप पुन्हा बंद करून पाहिला. हो, पाहिला! मला खात्री करायची होती. दहा आकडे मोजून चालू केला, आणि त्या दहा आकड्यांचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

तेव्हा कुठे जिनपाचीकाकांकडे गेलो. म्हातारा खिडकीपाशी खाटेवर बसून नासपती खात होता. सगळं ऐकून घेतलं. नासपतीची फोड खाली ठेवली.

"केस कुणाचे?"

"तामाएचे."

"तिनं दिले?"

"कंगव्यातले घेतले."

"गाढवा," तो अगदी हळू म्हणाला. "केस मागायचे असतात. बाईनं स्वतःच्या हातानं कापून द्यायचे असतात. म्हणजे ती घरी राहते आणि तिचा आशीर्वाद तेवढा बोटीत जातो. तू विचारलं नाहीस. तू तिलाच बसवलंस आत."

"काका, पण बोट तर जमिनीवर आहे..."

"तुझ्या लेखी जमिनीवर. तिच्या लेखी समुद्रात."

"काढतो मग. आत्ता जाऊन फोडतो. चालेल ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "उघड्या झाकणातून काढता आले असते रे... तू वरून रेझिन ओतलंस ना? पाणी उपसत राहा. दुसरं मला येत नाही."

तरी मी घरी येऊन ग्राइंडर लावला. अगदी अलगद, रंगाला नुसता टेकवला. घरातून तामाएची किंकाळी. जाऊन पाहतो तर डोकं धरून बसलेली, आणि भांगात, बरोबर मधोमध, रक्ताची एक बारीक रेघ. मी काय काय केलं नाही हो! डॉक्टर झाले, मुख्य भूमीवरचं मोठं इस्पितळ झालं, छातीचे फोटो झाले. फुप्फुसं साफ, म्हणाले. देवळातले पुजारी आले, बोटीभोवती फिरले, चहा न घेता गेले. ज्या हातांनी सगळ्या गावाच्या घरात पाणी पोचवलं, त्या हातांनी मी माझ्या बायकोला बाहेर काढू शकत नाही.

तेव्हापासून दीड वर्ष पंप चालू आहे. एक पुरेना म्हणून दुसरा लावला, गेल्या महिन्यात तिसरा. वीज गेली तर चार बॅटऱ्या तयार. मी एका वेळी दोन तासांच्या वर झोपत नाही. तिला काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू? ती शेजारणींना हसत सांगते, "आमच्या ह्यांनी उतारवयात दुसरं लग्न केलंय, पंपाशी."

मला वाटलं होतं, असंच चालेल. मी जागा राहीन, पाणी उपसत राहीन, ती चिडवत राहील, आणि आमचे दिवस निघतील. पण आठ-दहा दिवसांपासून ती जरा मोठ्यानं बोलते. मला वाटलं, ऐकू कमी येतंय. वय झालं. चालताना पाय फाकवून चालते, सपाट जमिनीवर भिंतीचा आधार घेते. विचारलं तर म्हणते, "वारा सुटलाय ना." घरात, सगळी दारं लावलेली असताना.

आज सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो, इथेच. तुम्ही बसलाय तिथे मी, समोर ती. मध्ये हे एवढंसं मेज. मी मुळ्याचं लोणचं तिच्याकडे सरकवलं. तिनं घेतलं नाही. मान वर करून, डोळे बारीक करून ती माझ्या दिशेला पाहत होती, आणि कपाळावर हाताची सावली धरली होती.

"तामाए," मी म्हटलं, "अगं, मी इथेच आहे."

तिनं कान दिल्यासारखी मान वाकडी केली. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू आलं. ती उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "अहोऽऽ! दिसताय हो तुम्हीऽऽ! अगदी बारीक दिसतायऽऽ!"

आणि हात उंच करून हलवायला लागली.

मी मेजावरून हात लांब करून तिचं मनगट धरलं. माझ्या बोटांना ते लागत होतं, उबदार, तिचंच. तिला कळलंसुद्धा नाही. ती माझ्या पलीकडे कुठेतरी बघत हात हलवतच राहिली. शेवटी मी ते सोडलं आणि मीही हात वर केला. दुसरं काय करणार होतो?