लुमासाचं रिकामं पिंप

इर्मा बोज्जो ही इटलीतल्या आल्बा गावची खाजगी गुप्तहेर. तिची गाडी चालवायचा निवृत्त औषधविक्रेता डेल्फिनो. अर्धा तपास आपणच करतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

द्राक्षमळेवाल्या सेकोंदोच्या घरी पोचताच डेल्फिनोने आपली तपकिरी हॅट खुंटीवर टांगली. थोड्याच वेळात ऐंशीचा सेकोंदो तीच डोक्यावर चढवून अंगणात गेला. त्याची स्वतःची काळी हॅट शेजारीच लटकत होती. ‘चोरांचंच घर दिसतंय,’ डेल्फिनो पुटपुटला.

सेकोंदोची मुलगी फिओरेन्झा त्यांना तळघरापर्यंत घेऊन गेली, पण दारातच थांबली. लुमासा टेकडीवरच्या एकाच मळ्याची लाल वाइन तीन वर्षं पिंपात मुरत होती. शनिवारी सकाळी बघतात तर तोटी उघडी, वाइन सगळी गटारात. पोलिसांनी ब्लागोयला उचललं. मॅसिडोनियाहून आलेला हा गडी कित्येक वर्षं इथे राबत होता. शुक्रवारी रजेवरून त्याचं फिओरेन्झाशी वाजलं होतं, तेवढंच निमित्त.

“चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय, बाई,” ती म्हणाली. “शिक्षा झाली तर त्याला देशाबाहेर घालवतील. बायकामुलं इथे आहेत त्याची.”

डेल्फिनोने पिंपाच्या झडपेतून आत डोकं घातलं आणि खोकत, डोळे चोळत बाहेर काढलं. आत गंधकाचा धूर कोंडला होता. पिंपं अशीच वास मारत असतील, असं त्याने ठरवून टाकलं.

इर्मा कोपऱ्यातले काचेचे दोन बुधले बघत होती. लुमासाचा गळ्यापर्यंत भरलेला, खालच्या मळ्याचा तळाला गेलेला. फिओरेन्झाने दारातूनच सांगितलं, की लाकडातून वाइन उडते, म्हणून दर आठवड्याला पिंपात त्याच मळ्याची भर घालावी लागते. बुधले गेल्या महिन्यात काठोकाठ भरले होते. खालच्या मळ्याची वाइन तर तेव्हाच बाटल्यांत गेली, तिला आता भर लागत नाही. भर घालायचं काम बाबा अजून कुणाला करू देत नाहीत.

स्वयंपाकघरात फिओरेन्झाचा भाऊ एर्मेते भेटला. हा तुरिनचा वकील, मळा विकायला टपलेला. इर्माने विचारलं, रिकाम्या पिंपाचं काय करतात?

“धुवायचं, झाकायचं. आणखी काय, पूजा घालायची?”

सेकोंदो आत आल्यावर इर्माने सगळ्यांना टेबलाशी बसवलं.

“रिकाम्या पिंपात कुणीतरी गंधकाची वात जाळली, लाकडाला बुरशी येऊ नये म्हणून. एर्मेतेला ते ठाऊकच नाही. ब्लागोयला ठाऊक आहे, पण सूड म्हणून वाइन सांडणारा पिंपाला जपत बसत नाही. ज्याचा जीव त्या पिंपात होता, त्यानेच हे केलं.”

“पण का?” डेल्फिनोने विचारलं.

“लुमासाचा बुधला कमी व्हायला हवा होता, संपला दुसराच. लुमासाच्या पिंपात महिनाभर खालच्या मळ्याची भर पडत होती. घालणाऱ्याला दिसत नव्हतं. सेकोंदोकाका, तुमच्या डोक्यावर हॅट कुणाची आहे?”

म्हाताऱ्याने हात वर नेऊन हॅटची कड चाचपली.

“डोळे गेले, जीभ शाबूत आहे,” तो म्हणाला. “शुक्रवारी चाखली तेव्हा कळलं. थोडी भर दुसऱ्या मळ्याची असली तर कायद्याने चाललं असतं. पण बाटलीवर लुमासा लिहायचं आणि आत दुसरंच? आणि दिसत नाही म्हणून सांगितलं असतं, तर तळघर बंद झालं असतं मला. ब्लागोयला नेलं तेव्हा बोलायला हवं होतं. लाज वाटली.”

फिओरेन्झाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती गाडीची किल्ली शोधायला लागली.

“मीच सांगतो पोलिसांना,” सेकोंदो उठला. हॅट काढून टेबलावर ठेवली, कोट चढवला, मग चाचपडत पुन्हा तीच तपकिरी हॅट उचलून डोक्यावर ठेवली.

डेल्फिनोने आपल्या हॅटकडे एकदा पाहिलं. मग खुंटीवरची काळी हॅट घालून तो म्हाताऱ्याला हात द्यायला पुढे झाला.