ओढा तळ्याला मिळतो तिथे

"रीळ उलटं धरलंय तुम्ही."

आवाज मागून आला. मी दचकले, आणि कशीबशी पाण्यात पडलेली माझी दोरी सैल होऊन पायातच गुंतली.

नव्या गावातला तो माझा तिसरा रविवार. ओळख म्हणावी अशी एकच, माझ्या खोलीखालच्या बेकरीवाल्याची. सुट्टीच्या दिवशी इथे सगळे तळ्यावर गळ टाकून बसतात, असं त्यानेच सांगितलं होतं. मग मीही एक काठी घेतली, रीळ घेतलं, आणि दुकानदाराने "येतं ना तुम्हाला?" विचारल्यावर ठणकावून "हो" म्हटलं.

"उलटं म्हणजे?"

"रीळ काठीच्या खाली असतं. तुम्ही वर धरलंय, म्हणून दांडा उलटा फिरवावा लागतोय... अर्धा तास बघतोय मी."

मी मान वळवली. उंच, सावळा, डोक्यावर टोपी, खिशाला मत्स्य विभागाचं ओळखपत्र.

"मग अर्धा तास आधी का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, तुमचं तुम्हाला कळेल." तो हसला नाही. पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. "परवाना बघू."

"कसला?"

"मासे पकडण्याचा."

"पण मी पकडलेत कुठे?"

"प्रयत्न करायलाही लागतो, मॅडम."

पलीकडे घडीच्या स्टुलावर बसलेल्या एक वयस्कर बाई फिस्सकन हसल्या. माझे कान तापले. मी दोरी गुंडाळली आणि तरातरा चालू पडले. त्या संध्याकाळी आईला फोनवर म्हटलं, "माणूस नाहीये तो, नियमावली आहे नुसती!"

खरं तर तिथेच सोडून द्यायला हवं होतं. सोडून देण्यात मी पटाईत. बाबा मला 'आरंभशूर' म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. गिटार तीन महिने, जर्मन भाषा एक महिना, पोहणं पाण्याला पाय लागेपर्यंत. ठरलेलं लग्नसुद्धा मीच मोडलं. मुलगा चांगला होता. त्याच्याशी बोलताना मला जांभया यायच्या, एवढंच. मग नातेवाइकांच्या प्रश्नांना कंटाळून मी या गावातली नोकरी धरली, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. आईला वाटत होतं, तीन महिन्यांत परत येईल.

सोमवारी मी मत्स्य विभागाच्या कार्यालयात गेले. बांधालगत दोन खोल्या. भिंतीवर माशांची रंगीत चित्रं, टेबलाला ठोकलेली लोखंडी पट्टी, आणि पट्टीमागे तोच. त्याने अर्ज पुढे केला. 'पूर्वानुभव' असा रकाना होता. मी लिहिलं : 'उलटा'.

त्याने वाचलं आणि हसला. अगदी थोडंसं, हातातून काहीतरी निसटावं तसं. मग लगेच घसा खाकरून नियम सांगायला लागला. या पट्टीपेक्षा लहान मासा परत सोडायचा. दिवसाला दोनच ठेवायचे. अंडी घालायच्या दोन महिन्यांत काठीला हात लावायचा नाही.

"आणि शिकवतं कोण?" मी विचारलं.

"तळ्यावर बसणारे लोक."

"तुम्ही नाही?"

"मला इथे बंदी आहे."

"का? काय केलंत?"

"नोकरी." तो गंभीरच होता. "या खात्यातल्या माणसाने आपल्या हद्दीत गळ टाकायचा नाही. काठी हातातसुद्धा धरायची नाही."

"बोलता तरी येतं ना?"

त्याने यावर खरोखर विचार केला. खिडकीतून तळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बोलण्याबद्दल... नियमात काही नाही."

झालं, सुरू झालं. शनिवार-रविवार सकाळी मी काठी घेऊन, आणि तो माझ्यापासून दोन हातांवर, हात पाठीमागे बांधून. जणू हात मोकळे सोडले तर तेच आधी नियम मोडतील.

जागा दाखवली ती स्टुलावरच्या बाईंनी. त्या निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना सगळे मावशी म्हणायचे, आणि त्यांनी मला पहिल्याच दिवशी 'दातवाली' करून टाकलं. "दातवाली, सावली बघून काय बसतेस? ओढा तळ्याला मिळतो तिथे बस. ओढा खाणं वाहून आणतो. मासे तिथे तोंड उघडून उभे असतात, लग्नाच्या पंगतीसारखे. अन् दुकानातलं ते रबरी आमिष टाकून दे. इथल्या माशांना गांडूळ लागतं."

गाठ शिकवायची होती तेव्हा त्याने स्वतःच्या बुटाची नाडी सोडली. माझ्या दोरीला हात लावायचा नव्हता ना! नाडी त्याने किल्लीच्या कडीत ओवली. "गळाच्या डोळ्यातून दोरी घ्यायची. पाच वेढे. टोक मागे फिरवून पहिल्या फटीतून. आवळण्याआधी ओठांनी ओलं करायचं, कोरडी आवळली तर दोरी कमजोर होते... जमेल चार-पाच दिवसांत."

मी पहिल्याच वेळी घातली. दिवसभर मेणातून केसाएवढ्या फटी कोरणारी बोटं माझी, त्यांना हे काय अवघड? मी गाठ त्याच्यासमोर धरली. त्याने गाठ बघितली. मग माझी बोटं बघितली, जरा जास्तच वेळ. मग एकदम पाण्याकडे बघून म्हणाला, "वारा... पडलाय आज."

वारा चांगला वाहत होता. मावशींच्या डोक्यावरचा रुमाल उडत होता.

गळ फेकायला मात्र मला जमेना. पहिला झुडपात. दुसरा झुडपात. तिसऱ्यांदा तो खाली वाकला म्हणून वाचला.

"मनगट वापरा, मॅडम. खांदा नाही. माशी हाकलल्यासारखं."

"इथे माशी कोण आहे?"

"मघापासून मीच वाटतोय," तो म्हणाला, आणि या वेळी आम्ही दोघंही हसलो.

पाच आठवडे गेले. बोटाएवढा एक मासा मिळाला, तो पट्टीच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही. तरी मी जात राहिले. कामावर निघण्याआधीही जायला लागले. भल्या सकाळी पाण्यावरून धुकं उठायचं. तो थर्मासमधून चहा ओतून कप दगडावर ठेवायचा. हातात नाही द्यायचा, दगडावर ठेवायचा, आणि मी उचलेपर्यंत वाट बघायचा. एकदा मी मुद्दाम उचलला नाही.

"गार होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे."

"मग... दुसरा ओततो." आणि खरंच ओतला! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रोज नियमावली, नियमावली. अगं, मासे कधी पकडतेस तू?"

मग घराकडच्या जुन्या लॅबमधून फोन आला. जागा अजून ठेवलीय, सोमवारी काय ते कळव. आई खूश, बाबा म्हणाले, "कळलंच होतं मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तिकडे सगळं होतं. घर, मैत्रिणी, ओळखीचे रस्ते. इकडे काय होतं? एक खोली, एक तळं, आणि दगडावर ठेवलेला चहा.

मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ बांधावरचं गवत उपटत राहिला.

"परवाना वर्षभराचा आहे तुमचा," शेवटी म्हणाला. "दुसऱ्या तळ्यावर चालत नाही तो."

"एवढंच?"

"एवढंच... म्हणजे..." त्याने मूठभर गवत खाली टाकलं. "हो."

मी इतकी चिडले की मावशींना 'येते' म्हणायचंही राहिलं.

रविवार आला. बारीक भुरभुर लागली होती, अंगावर पडतेय की नाही कळू नये इतकी बारीक. जायचंच असेल तर एक तरी मासा पकडून जायचं, असं ठरवून मी ओढ्याच्या तोंडाशी पोचले. तो आधीच तिथे बसलेला. डोळे तांबारलेले. मावशींनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि छत्री उघडली.

मी गळ टाकला. मनगटाने. नेमका तिथेच पडला, ओढ्याचं गढूळ पाणी तळ्याच्या हिरव्यात मिसळतं त्या रेघेवर. दोरीला बांधलेलं लाल बूच पाण्यावर उभं राहिलं.

तासभर काही नाही.

मग बूच हळूच आडवं झालं... आणि तसंच आडवं, सावकाश, फिरायला निघाल्यासारखं चालायला लागलं.

"थांबा," तो कुजबुजला. "थांबा... थांबा... आता!"

मी काठी उचलली आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी दार धाडकन लावून घेतलं. काठी कमानीसारखी वाकली. रीळ किंचाळायला लागलं.

"पहिलवान आहे!" मावशी ओरडल्या. तळ्यातल्या जाडजूड सोनेरी माशाला गावात पहिलवान म्हणतात. वर्षाकाठी एखाद-दोघांनाच तो लागतो.

"ओढू नको! जाऊ दे त्याला!" तो माझ्या कानाशी ओरडत होता. "दमू दे! काठी उभी ठेव... तिकडे बुडालेलं झाड आहे, तिकडे नको जाऊ देऊस..."

त्याचं वाक्य संपण्याआधीच मी काठी उजवीकडे कलवली होती. मासा वळला. पायाखाली चिखल सरकत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मी दोरी गुंडाळायची, मासा पुन्हा घेऊन जायचा. गुंडाळायची, घेऊन जायचा. एका क्षणी मला वाटलं, बास. हात उघडावेत, काठी जाऊ द्यावी, काय बिघडणार आहे?

"धरा हो!" मी ओरडले. "माझ्याच्याने नाही होत! धरा ना काठी!"

तो पुढे आला. त्याचे हात माझ्या हातांपासून वितीवर येऊन थांबले. आणि त्याने ते मागे घेतले.

"धरली तर तो माझा होईल," तो म्हणाला. "तो तुझा आहे."

मला इतका राग आला... आणि त्या रागातच मी आणखी दोन फेरे गुंडाळले.

"मग निदान सांगा, पुढे काय करू?"

"मला नाही माहीत!"

"नाही माहीत?"

"एवढा मोठा मी जन्मात पकडला नाहीये!"

मी हसायला लागले. काठी पोटाला टेकवून, केस तोंडावर, चिखलात गुडघे, आणि मी हसतेय! आणि हसताहसताच कळलं की पलीकडची ओढ ढिली पडतेय. आधी पाण्यात एक पिवळी झळक दिसली. मग रुंद पाठ. मग तो कुशीवर झाला.

"जाळी!" मावशी ओरडल्या. "अरे जाळी धर कुणीतरी, माझे गुडघे नाहीत आता पाण्यात उतरायचे!"

त्याने जाळी उचलली आणि सरकारी पँटसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरला. "जाळीबद्दल नियमात काही नाही!" तो आकाशाकडे बघून ओरडला, जणू वर कुणी वरिष्ठ बसले होते. पुढच्या क्षणी जाळी जड झाली, आणि सोनेरी खवल्यांचा तो प्रचंड पहिलवान गवतावर होता.

त्याने मोजपट्टी काढली. पट्टी संपली आणि मासा उरला.

मावशींनी मला मिठी मारली, छत्रीसकट. बांधावरची दोन-चार माणसं धावत आली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी. मी नुसती उभी होते. हाताला दोरीचे चरे, डोळ्यांत पाणी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट शेवटपर्यंत धरून ठेवली होती, आणि ती माझ्या पायाशी शेपटी आपटत होती.

गर्दी पांगल्यावर तो शेजारी येऊन बसला. माशाच्या शेपटीने नखशिखांत भिजवलेला.

"तुम्ही मला अरे-तुरे केलंत," मी म्हटलं.

"घाईत... झालं. माफ करा."

"परत करा."

"काय?"

"अरे-तुरे."

तो टोपीतून पाणी पिळत राहिला.

"परवा मला परवान्याचं सांगितलंत. दुसरं काही सांगायचं होतं का?"

"होतं." त्याने टोपी खाली ठेवली. "दोन रात्री पाठ करत होतो. पण तुझं घर तिकडे, माणसं तिकडे... मी 'थांब' म्हटलं असतं आणि तू माझ्यासाठी थांबली असतीस, आणि उद्या तुला पस्तावा झाला असता तर? म्हणून म्हटलं, बोलायचं नाही. आणि मग नुसतंच बसून राहिलो, मूर्खासारखा." त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी नजर पाण्याकडे वळवली नाही. "मला तू आवडतेस. खूप. 'पूर्वानुभव : उलटा' वाचलं ना, तेव्हापासून."

भुरभुर थांबली होती. ओढ्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"मी थांबणार होतेच," मी म्हटलं. "मघाशी, काठी सोडाविशी वाटली आणि सोडली नाही, तेव्हा ठरलं माझं. ते माझ्यासाठी. आणि आता..." मी त्याचा ओला हात धरला. "आता तुझ्यासाठीपण."

त्याची बोटं माझ्या बोटांत अशी बसली की फटच उरली नाही.

तिथूनच आईला फोन लावला. "आई, मी येत नाहीये. इथेच राहणार. मोठ्ठा मासा पकडला मी!"

आई म्हणाली, "माशाचं कळलं. नियमावलीचं काय?"

"तीपण... इथेच आहे. शेजारी."

"मग फोन काय करत बसलीस?" म्हणाली आणि तिनेच ठेवला.

मासा एका माणसाला उचलणं शक्यच नव्हतं. आम्ही तो एका बांबूला टांगला, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या, आणि गावच्या मुख्य रस्त्याने निघालो. मागून मावशी, स्टूल काखेत मारून, मिरवणुकीच्या थाटात. लोक दुकानांतून बाहेर येत होते. न्हावी वस्तरा हातात घेऊन आला, मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. खिडक्या उघडत होत्या. पहिल्यांदाच या रस्त्यावरून मी मान वर करून चालत होते.

बेकरीवाला पिठाच्या हातांनी फळीवरून वाकला. "अरे बापरे! साहेब, पकडला कुणी हा?"

तो थांबला. खांद्यावरचा भार सावरला. साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, मॅडमनी नाही, यांनी नाही... 

"हिने," तो म्हणाला.