सुक्याच्या पायाची नळी

सकाळी आठला सायवनहून तलासरीला फोन आला. सुक्याचा पाय मोडला होता.

"कुठला?" हेमांगीने विचारलं.

"तू दिलेला," त्याची बायको शुक्री म्हणाली. "आणि त्याच्यापायी खरा खुबापण."

सुक्या ताडी काढणारा. एक पाय गुडघ्याखाली नव्हता, तरी ताडावर असा चढायचा की शेंड्यावरचे कावळे लाजून उडत. खाली चालायला हेमांगीने त्याला पाय छापून दिला होता. छापून म्हणजे कागदावर नव्हे. नायलॉनचा धागा वितळवायचा, त्यात काचेचे लांब तंतू घालायचे आणि थरावर थर रचत जायचं. चौदा तासांत नळी तयार. नळीवर भार देऊन सुक्या बांध उतरला आणि ती मधोमध तुटली.

याला चार दिवस झाले. मशीन ज्या संस्थेचं, तिचा उमेश उद्या येऊन ते उचलून नेणार होता. पायासाठी नऊ जण रांगेत होते. त्यांतली पहिली बारकी.

बारकी टोपल्या विणणारी. तिने काढलेली बांबूची सळ इतकी बारीक, की मुंगीने तिच्याने कान टोचून घ्यावेत. साप चावून तिचा पोटरीखालचा पाय गेला. सापाचं काय झालं ते विचारू नये.

"बाय, माझा पाय कधी?"

"आता नाही, काकी. माझ्याच हातून चूक झाली."

"तुकडे बघितलेस?"

हेमांगीने मान हलवून नाही म्हटलं. तुकड्यांची पिशवी टेबलाखाली होती, गाठ तशीच. "रक्त आहे त्यावर. फोटो बघितला. आत काच चमकते. माझीच नळी."

"पिशवी दे."

बारकीने तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. सपाट. काकडी मोडावी तशी. मग तिने कचऱ्याच्या डब्यातून हेमांगीच्या जुन्या नळीचा तुकडा उचलला आणि टेबलाच्या फटीत अडकवून वाकवला. तो मोडेना. शेवटी तडकला, तेव्हा कडेने तंतूंच्या जटा लोंबल्या.

"हं," ती म्हणाली. "शुक्रीला बोलाव."

दुपारी शुक्री आली, ताडी काढणाऱ्या पांड्याच्या मोटारसायकलवरून. दोघांना बारकीने समोर बसवलं.

"मोडायच्या आधी पाय कसा होता?"

"ताप उतरल्यावर सुक्या म्हणाला, पाय ओळख देत नाही. मी म्हटलं, अंगात ताकद नाही म्हणून."

"तापात पाय कुठे होता?"

"ओटीवर, टोपलीखाली. माणूस आत निजलेला आणि पाय बाहेर उभा. मला बघवेना, म्हणून झाकला. पाच दिवस टोपली उचलली नाही."

"आलं-गेलं कोण?"

"पांड्या रोज. जिग्नेशभाई दोनदा, फळं घेऊन."

बारकी पांड्याकडे वळली. "सुक्याचे ताड सध्या तूच चढतोस ना रे? तो पडला, तुझं फावलं."

"काकी, शुक्रीच्या टोपलीला हात लावू? मला माझे दोन्ही पाय हवेत!"

तेवढ्यात जिग्नेशच आला. अच्छाडला त्याचं दुकान. छोट्या मशीनवर ट्रकवाल्यांना वीतभर गणपती आणि नावाच्या पाट्या छापून द्यायचा. हेमांगीच्या टेबलावर त्यानेच छापून भेट दिलेली दीपमाळ होती, दोन वीत उंच, अंगावर ताडाच्या खोडासारखी वळी. वैशाखाचा उकाडा, तरी त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत.

"हेमांगीबेन, वाईट वाटलं. ते नऊ पाय मी बघू का? उमेशभाईशी बोललो आहे."

"तुझ्या मशीनवर पाय होईल?" बारकीने विचारलं.

"आता नाही, मासी. माझ्या मशीनची बैठक वीतभर, ही नळी दीड वीत. मोठं मशीन आणेन ना."

"हात का खाजवतोस?"

"मच्छर."

"बाही वर कर."

त्याने केली नाही. शुक्रीने केली. कोपरापर्यंत लाल पुरळ.

"मच्छर नाही, काच आहे," हेमांगी हळूच म्हणाली. "नळी करवतीने कापली की तिचा भुसा असाच चावतो."

"आता ऐका," बारकी म्हणाली. "बांबू आडवा मोडायला जा, तंतू सोडत नाहीत. हेमांगी नळी निजवून छापते, तंतू लांबीला धावतात. ही मात्र थराथरावर सपाट सुटली, म्हणजे थर आडवे, चकतीवर चकती. ही उभी छापलेली आहे. चमकते ती काचेची चुरी, एका थरातून दुसऱ्यात न जाणारी. वरून घासून रंग दिला म्हणून वळी दिसली नाहीत. मोठं मशीन असताना उभी कोण छापेल? ज्याच्याकडे निजवायला जागा नाही तो. वीतभर मशीनवर दोन वीत दीपमाळ उभी राहते, मग दीड वीत नळी का नाही? पहिल्या फेरीत पाय नेलास, दुसरीत नकली ठेवलास. फळांची पिशवी मोठी होती ना, शुक्री?"

"भाताच्या गोणीएवढी," शुक्री म्हणाली.

जिग्नेशने बाही खाली ओढली.

"आत काय आहे तेवढं बघायचं होतं. शिकलो असतो. कापली, मग जुळेना. त्याला बिनपायाचं कसं ठेवू? चालला तो त्यावर, मासी. मला वाटलं, टिकेल."

"मोडल्यावर तरी बोलायचंस!" बारकी म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"सुक्याचे ताड आता कोण चढणार?" शुक्रीने विचारलं. पांड्यानेही मान खाली घातली.

हेमांगीने पोलिसांना फोन केला, मग उमेशला. मशीन राहणार होतं. पण ती टेबलाशी तशीच उभी राहिली.

"काकी, पहिल्याच दिवशी मी गाठ सोडली असती तर..."

"सुक्याचा खुबा सांधला नसता," बारकी म्हणाली. "पण याला इथे उभं राहून नऊ पाय मागता आले नसते."

तिने आपला अर्धा पाय उचलून स्टुलावर ठेवला.

"मोज आता. आणि माझा मोडला, तर आधी रडू नकोस. आधी नळी बघ."