निझारची पाचवी सूचना

दुपारी तीनला वीज गेली, तशी नजला पाच मजले उतरून जनरेटरवाल्या अबू सलीमला जाब विचारायला निघाली. बैरूतचा ऑगस्ट, अंगाची नुसती लाही. लिफ्ट अर्थातच बंद. पण रागावलेल्या माणसाला जिने कमीच पडतात.

"बाई, माझं यंत्र सुरू व्हायला जरा वेळ लागतो," अबू सलीम म्हणाला. "एवढी कसली घाई? शेगडीवर भात ठेवून आलात का?"

"माझं साम्राज्य बुडतंय तिकडे."

तो हसला. हसू दे मेल्याला.

साम्राज्य म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ. तिचा मुलगा निझार मॉन्ट्रियलला. तो तिकडे सकाळच्या कॉफीबरोबर एक चाल खेळायचा, ती इकडे दुपारी एक. तो भांडून गेला त्याला नऊ वर्षं झाली. फोनवर "बरी आहेस ना" याच्या पुढे गाडी जात नव्हती. मायलेकांत हा खेळ तेवढा उरला होता, आणि तोही जायच्या बेतात होता, कारण नजला फार वाईट खेळायची. "ममा, अशीच हरत राहिलीस तर बंद करू हे," असं लिहून त्यानं नवशिक्यांसाठी पाच सूचना पाठवल्या होत्या. शहर नदीकाठी वसव. टेहळे लवकर धाड. भव्य स्मारकांच्या नादी आत्ताच लागू नकोस. शेजारच्या राज्यांशी उगाच उकरून भांडू नकोस. आणि पाचवी, ठळक अक्षरांत: कुठलंही शहर रिकामं सोडू नकोस, एक तरी पहारेकरी ठेव. रिकाम्या शहरात जो आधी शिरेल, त्याचं ते.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला तिनं, आणि हा तिला नदीचं महत्त्व सांगणार. ज्याला बुटाच्या नाड्या बांधायला तिनं शिकवलं, तो. तरी तिनं त्या पाचही सूचना कागदावर उतरवून पडद्याशेजारी चिकटवल्या होत्या.

ती धापा टाकत वर आली तेव्हा वीज आलेली होती, आणि तिची चाल खेळून झाली होती.

आठवड्यात ही तिसरी वेळ. नदीच्या वळणावर नवं शहर, वेशीवर सैन्य. खुर्चीची गादी कोमट. आणि निझारचं लांबलचक पत्र: "ममा, काय सुंदर खेळतेस आता. काल तू लिहिलंस ते वाचून रडलो गं. मला वाटायचं, तू अजून रागावलेली आहेस."

काल तिनं एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

घराची दुसरी किल्ली समोरच्या विदादकडे असायची. नजलानं तिचं दार बडवलं. "माझ्या खुर्चीत कोण बसतं गं?"

"मला टीव्हीचा रिमोट धड जमत नाही, आणि मी तुझ्या लढाया लढू?" विदाद म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण मघाशी तू माझ्याशी बोलली का नाहीस? हाक मारली मी... दारात उभी होतीस. नुसती बघत होतीस."

"मघाशी म्हणजे कधी?"

"वीज गेली तेव्हा..."

नजलाला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं जे बोलायला तिची जीभ उचलली नाही, ते कोणी उपटसुंभ तिच्या नावानं बोलून मोकळा होतो, आणि तिचा लेक त्याला आई म्हणतो. "माझा आहे तो," घरात शिरून ती भिंतींना म्हणाली. "पोटचा आहे माझ्या."

दुसऱ्या दिवशी तीनला वीज गेली. आज नजला उठली नाही.

उन्हासाठी लावून घेतलेल्या खिडकीच्या झडपांनी खोलीत अंधार केला होता. फ्रिजची घरघर थांबली. खालचं यंत्र सुरू होईना. खुर्चीचे हात घट्ट धरून ती पहाऱ्याला बसली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला... स्वयंपाकघरातून. आणि तिथूनच, अगदी हलक्या आवाजात, तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं.

"बोल रे राजा... ऐकतेय मी..."

त्यावर निझार हसला. दहा वर्षांचा असताना हसायचा तसा. तिच्याशी तो असं किती वर्षांत हसला नव्हता. ते काही तिला सहन झालं नाही. ती उठून धावली.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. शेगडीवर कॉफी उतू जात होती, ओट्यावर तिचा फोन सुरू होता.

"निझार, मी बोलतेय. तुझी आई."

पलीकडचं हसू थांबलं.

"कोण आपण?" त्यानं हळूच विचारलं. "ममाला द्या ना फोन..."

"अरे, मीच... माझा आवाज ओळखत नाहीस?"

"ममा कुठे आहे? काय केलंत तिला?"

मागे, खोलीत, तिनं रिकामी सोडलेली खुर्ची करकरली. वीज अजून आलेली नव्हती.

"आले रे बाळा," आतून तिच्याच आवाजात उत्तर आलं.

आणि निझारनं सुटकेचा श्वास सोडलेला तिनं कानाशी स्पष्ट ऐकला.